गाण्यातली यिंदी

शांघाय, १२ एप्रिल १९५६

लानफनताई,

बावीस वर्षांनी हिचं पत्र आलंय म्हणजे नक्की काहीतरी काम असणार, असं तू म्हणशील. खरंच आहे. काम आहे. पण आधी दोन शब्द खुशालीचे लिहू दे, नाहीतर मी फारच निर्लज्ज ठरेन.

तुझा पत्ता शुए आजीकडून मिळाला. आपल्या रेशीम गिरणीत मागच्या रांगेत धागा ओढायला बसायची ती बुटकी बाई. परवा भाजीबाजारात कोबीवरून घासाघीस करताना दिसली. दात सगळे गेलेत, जीभ मात्र होती तशीच. म्हणाली, लानफन नानशुनजवळच्या गावी आहे, नवरा गरीब स्वभावाचा आहे, आणि मुलगी श्याओमान बारा वर्षांची असून अख्ख्या गावाची पत्रं तीच वाचून दाखवते. म्हणजे हेही पत्र तीच वाचत असणार. श्याओमान, बाळा, मावशीचा आशीर्वाद. सावकाश वाच. तुझ्या आईला भरभर बोललेलं आवडत नाही.

तर काम. ते गाणं तुमच्याकडे पोचलंय ना? न पोचून कसं चालेल, इथे तर अजून नीट बोलता न येणारी पोरंसुद्धा गातात. एक मूल मधे उभं राहतं, हात बाह्यांत ओढून घेतं, बाकीचे गोल फिरत विचारतात, ‘यिंदी, यिंदी, हात कुठे?’ मधलं मूल म्हणतं, ‘वाफेत गेला, वाफेत गेला.’ मग सगळे मिळून ‘वाफे, वाफे, सरक गं, हात मला दिसू दे,’ आणि हात बाहेर. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसातून चार वेळा हे माझ्या कानावर पडतं. मधल्या सुट्टीत मी हल्ली खिडकी लावून घेते.

एक जूनला बालदिन आहे. आमच्या शाळेच्या सभागृहात माझा फोटो लागणार आहे, खाली ‘गाण्यातली यिंदी’ असं लिहून. मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलंय. मी चारशे मुलांपुढे उभी राहून ते गाणं कसं झालं ते सांगायचं. एक वर्तमानपत्रवालाही मागे लागलाय. शेजारच्या कढईवर कोण होतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही. पण गृहस्थ चिकट आहे, तो तुझ्यापर्यंत येईल असं मला वाटतं.

आला तर एवढंच सांग, की यिंदी आणि मी एकाच गिरणीत होतो. पुढे काही सांगू नकोस. हे खोटंही नाही. बघ, मोठं काही मागत नाही मी.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

यिंदी


शांघाय, ३० एप्रिल

लानफनताई,

उत्तर आलं. दोनच ओळी आल्या. ‘आई म्हणते, अळ्या निघाल्यात, वेळ नाही.’ त्याखाली श्याओमानने स्वतःच्या मनाने लिहिलंय: ‘मावशी, तुम्हीच गाण्यातल्या यिंदी का? माझी आई तुम्हाला ओळखते असं मी वर्गात सांगितलं तर सगळे हसले. मी हे गाणं सगळ्यात छान म्हणते. आईपुढे म्हटलं की ती तुतीची पानं आणायला जाते.’

ताई, वेळ नाही हे मला समजतं. आपण दोघी त्याच मुलखातल्या. रेशमाच्या अळ्या घरात असल्या की दार लावून घ्यायचं, पाव्हण्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवायचं, मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही, हे मी विसरले नाही. पण वेळ नाही म्हणून लिहिलं नाहीस, की लिहायचं नव्हतं म्हणून वेळ नाही? कालपासून मी हेच घोळवत बसले आहे. नवरा म्हणतो, “बावीस वर्षं पोटात ठेवलंस, अजून एक महिना ठेवता येत नाही?” त्याला मी काहीच सांगितलेलं नाही. तरी त्याला वास लागलाय.

श्याओमानला काय सांगू? ती विचारते आहे तर थोडं सांगते. तूही ऐक. चुकलं तर दुरुस्त कर.

श्याओमान, आम्ही कढईवर उभ्या राहायचो. नऊ-दहा वर्षांच्या पोरी, पायाखाली खोकं, कारण कढई छातीइतकी उंच. उकळत्या पाण्यात कोष तरंगायचे आणि गवताच्या कुंच्याने ते घोळवून प्रत्येकाचं टोक शोधायचं, मग ती टोकं पुढे बसलेल्या बाईच्या हाती द्यायची. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. पन्नास कढयांची वाफ. स्वतःचा हात दिसायचा नाही. तुझी आई दमली की वाफेशी बोलायची, चालीवर. तिचं नेहमीचं होतं ते. वाफे, सरक गं, म्हणायची. आम्ही बाकीच्या हसायचो.

प्रत्येकीला पितळी बिल्ला असायचा. माझा सत्तेचाळीस. देखरेखीला च्यांग बाई होती. तिला आमची तोंडं कधी माहीत नव्हती, ती बिल्ले ओळखायची. बिल्ला हजर तर पोर हजर. म्हणून कुणी आजारी पडली की दुसरी तिचा बिल्ला लावून जायची आणि दिवसभर तिच्या नावाला ओ द्यायची. बिल्ला तीन दिवस आला नाही की जागा गेली. तुझ्या आईची जागा तशीच गेली होती, तापात. ती रोज पहाटे फाटकाशी येऊन उभी राहायची, कुणी बिल्ला देतंय का बघत.

तर त्या वसंतात, लोंगह्वाच्या जत्रेच्या दिवशी, मी माझा बिल्ला तिला दिला. मला जत्रेला जायचं होतं. मामा नेणार होता. दहा वर्षांची पोर, पीचची फुलं बघायला मिळतायत तर जाणारच ना? त्याच दिवशी फान मास्तर गल्लीतून चालले होते. तरुण होते, गाणी रचायचे. गिरणीच्या झरोक्यातून त्यांना तो आवाज ऐकू आला. मधल्या सुट्टीत ते फाटकाशी थांबले. कोण गात होतं म्हणून विचारलं. च्यांग बाई बाजूलाच होती. तुझ्या आईच्या छातीवर सत्तेचाळीस. ती काय सांगणार? म्हणाली, “शन यिंदी.”

अशी मी गाण्यात गेले. मी स्वतः त्या वेळी साखर लावलेली हॉथॉर्नची फळं खात होते.

हे वर्तमानपत्रवाल्याला सांगू नका, दोघीही. मी ठरवते आहे काय करायचं ते.

यिंदी


शांघाय, १५ मे

लानफनताई,

उत्तर नाही. आता अळ्या कात टाकण्यापूर्वीच्या शेवटच्या झोपेत असतील, मग आठवडाभर त्यांच्या तोंडाला पान पुरवता पुरवता माणसाची जेवायची शुद्ध राहत नाही, माहीत आहे मला. तरी मी टपालवाल्याच्या सायकलची घंटा ऐकली की वर्ग सोडून दारात येते. पोरं माझी नक्कल करायला लागलीत.

या पत्रात एक घडी केलेलं पान आहे, कडेने भाताची खळ लावून चिकटवलेलं. श्याओमान, ते तू उघडायचं नाहीस. गावात दुसरं कुणी वाचणारं असेल, सहकारी संस्थेचा कारकून वगैरे, त्याच्याकडून आईला वाचून घेऊ दे. मोठ्यांचं बोलणं आहे.

बाकीचं इथे लिहिते, ते कुणीही वाचावं. फान मास्तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आले. तोवर गाण्याची तबकडी निघाली होती, चहाच्या दुकानात वाजायची. त्यांनी गिरणीत सत्तेचाळीस नंबरची पोर विचारली. मला पुढे ढकललं. ताई, त्यांनी तुला एकदाच पाहिलं होतं, केस ओले, तोंड लाल, डोळे सुजलेले. आम्ही सगळ्याच तशा दिसायचो. त्यांनी माझा हात हातात घेतला. सगळ्यांचेच हात तेव्हा सोललेले, पांढरे, सुरकुतलेले असत. ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस माझा हात धरून रडतोय. “तूच ना ती?” म्हणाले. मी मान हलवली.

त्यांनी मला शाळेत घातलं. फी नाही, दुपारी गरम जेवण. मी आज जी कोण आहे ती त्या मान हलवण्यामुळे आहे. पुढे युद्ध लागलं, ते उत्तरेकडे गेले ते गेलेच. आता खरं काय ते सांगू शकणारी माणसं दोन, तू आणि मी. शुए आजी तिसरी, पण तिचं कोण ऐकतंय.

तुला निरोप द्यायला मी आले नव्हते. तू बोटीने गावी परत गेलीस त्या दिवशी. मी कालव्याच्या पुलावर उभी होते, तू मला पाहिलं नाहीस. की पाहिलंस?

यिंदी


शांघाय, ३ जून

लानफनताई,

झालं एकदाचं. सांगून टाकलं. आज तिसऱ्या दिवशी लिहायला बसले आहे.

सभागृह खच्चून भरलेलं. फोटो लागलेला, त्याला लाल फीत. पहिल्या रांगेतली पोरं बाह्यांत हात घालून तयारच बसलेली. मी भाषण लिहून नेलं होतं, जसं सगळ्यांना हवं तसं. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं वाचवेना. कागद ठेवला आणि म्हटलं, मुलांनो, गाण्यातलं नाव माझं आहे, पण गाणं म्हणणारी मी नव्हे. मग बिल्ल्याची गोष्ट सांगितली. तुझं नाव सांगितलं, लानफन, नानशुनकडची. त्या दिवशी च्यांग बाईने तुझ्या डाव्या हातावर ओगराळंभर उकळतं पाणी ओतलं, जखमेवर सोया सॉस लावून चिंधी बांधली आणि मधल्या सुट्टीनंतर तुला पुन्हा कढईवर उभं केलं, हेही सांगितलं.

मग मागून एक पोरगा उठला. म्हणाला, “म्हणजे तुम्ही खोट्या यिंदी?”

मी म्हटलं, “यिंदी खरीच आहे बाळा. बाकी खोटं.”

मुख्याध्यापिकाबाईंनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि आता संचलन होईल असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी मला खोलीत बोलावून म्हणाल्या, एवढी वर्षं मुलांनी मनात जपलेली गोष्ट अशी विस्कटू नये. फोटो उतरवलाय. रागावल्या आहेत, पण मला काढून टाकणार नाहीत असं दिसतं. वर्तमानपत्रवाल्याने काही छापलं नाही. त्याला वीर मुलगी हवी होती, जत्रेला गेलेली नको होती. नवऱ्याने घरी येऊन ताट वाढलं. मग म्हणाला, “आता तरी जेव.” दोन वाट्या भात जेवले, लोणच्याच्या मुळ्यासकट.

पण ताई, एक सांगते. मला हलकं वाटायला हवं होतं. चार लोक तसं म्हणालेसुद्धा, की आता बाई मोकळ्या झाल्या. मला झोप नाही. पोरं मैदानात अजून तेच गाणं म्हणतात, तोच खेळ खेळतात, त्यांना काय फरक पडतो? तीन दिवस मी घरातली भांडी घासून काढते आहे, स्वच्छ असलेलीसुद्धा.

ते चिकटवलेलं पान कुणी वाचून दाखवलं का? तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

तुमचे कोष उतरले असतील आता. यंदा कसे झाले?

यिंदी


शांघाय, २४ जून

श्याओमान,

हे पत्र तुला आहे, तुझ्या आईला नाही. आईने सांगितलेलं आणि तू लिहिलेलं पत्र काल मिळालं. त्यात माझं ते पान होतं, खळ न उघडलेलं, जसंच्या तसं. तुझ्या अक्षरातली तिची वाक्यं मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली आहेत: ‘यिंदे, कोष चांगले झाले. पान परत पाठवते. माझी पत्रं माझी मुलगी वाचते, कारकून नाही. पानात काय आहे ते मला बावीस वर्षांपासून माहीत आहे, मला वाचून नको. चारशे परक्या पोरांना सांगितलंस म्हणतेस. माझ्या पोरीला त्या पानातलं सांगितलं नाहीस. ती माझ्या घरात तुझ्या नावाचं गाणं म्हणते.’

त्याखाली तू लिहिलं आहेस, ‘मावशी, आई रागावलेली नाही, ती फक्त हळू बोलते आहे. मला काय सांगायचं राहिलंय?’

सांगते. ते पान मी बंबात टाकलं. त्यात मी बरंच काही सजवून लिहिलं होतं. तुला साधं सांगते.

कढईवर घोळवताना कोषाचं टोक लवकर सापडलं नाही तर वरचं चांगलं रेशीम गुंता होऊन वाया जातं. तो गुंता रोज तोलायचे, जास्त निघाला की मार. जत्रेच्या आदल्या दिवशी माझा गुंता फार झाला होता, कारण माझं लक्ष नव्हतं. मी तो गोळा करून मोरीत कोंबला. संध्याकाळी मोरी तुंबली, गिरणीभर पाणी झालं, च्यांग बाईने हात घालून गोळा बाहेर ओढला. पाणी माझ्या कढईखालून येत होतं. सुटताना फाटकात तिने माझ्या बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “सत्तेचाळीस, उद्या बघते तुझ्याकडे.”

काय बघणार ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याआधी एकवीस नंबरच्या पोरीचं तिने बघितलं होतं.

मामा मला जत्रेला नेणार नव्हताच. मीच रात्री त्याच्या पाया पडले, उद्या कुठेही ने म्हटलं. पहाटे फाटकाशी तुझी आई उभी होती, नेहमीसारखी. महिनाभराच्या तापातून उठलेली, काडीसारखी. मी म्हटलं, माझ्या पोटात दुखतंय, आज तू जा. तिला इतका आनंद झाला की तिने माझे गाल धरले. मी स्वतःच्या हाताने तिच्या छातीवर बिल्ला लावला, काटा नीट बसला का ते बघितलं. आणि मोरीचं सांगितलं नाही.

शुए आजी मागच्या रांगेत होती. तिने मला एप्रिलमध्ये बाजारात सांगितलं, तेव्हा कोबी माझ्या हातातून पडला. च्यांग बाई ओगराळं घेऊन आली आणि म्हणाली, “काल मोरी तुंबवलीस ना?” तुझ्या आईने एकदा तिच्याकडे बघितलं. ती म्हणू शकली असती की ती मी नव्हे, मी लानफन आहे. तसं म्हटलं असतं तर तिचा हात वाचला असता आणि माझी जागा गेली असती, आमच्या घरची चूल तेवढ्यावर होती. ती म्हणाली, “हो.” मग हात पुढे केला. आजी म्हणते, रडली नाही. पाणी पडल्यावर वाफेत तिला तो हात दिसेना, म्हणून ती वाफेला सरक म्हणायला लागली. नेहमी म्हणायची तशी, पण त्या दिवशी मोठ्याने. झरोक्याबाहेर फान मास्तरांना ऐकू गेलं ते हे.

तिची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली तू रोज बघतेस. कोष उतरवताना ती डावा हात पाठीमागे ठेवते की नाही मला माहीत नाही, तू जाणतेस. गिरणीला तशा हाताचा उपयोग नव्हता, म्हणून ती बोटीत बसून परत गेली. तुझ्या आईने तुला हात कशाने भाजला असं सांगितलं होतं ते मला ठाऊक नाही. बहुतेक चुलीवर म्हणाली असेल.

माझी माफी माग असं ती कुठे म्हणालेली नाही, आणि मीही इथे मागत नाही. तिने एकच मागितलंय, की तुला मी सांगावं, म्हणून सांगितलं. तुला माझा राग आला तर तो ठेव. तुझ्या वर्गातली मुलं हसली होती ना, ती आता हसणार नाहीत अशी मला आशा आहे.

आता आईला बोलाव. तिचा हात पुढे घे, डावा, आणि हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. तिने मधेच थांब म्हटलं तरी थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

गाणं तुझ्या आईचं आहे, श्याओमान. त्यात नाव तेवढं माझं, आणि भाजायचा होता तो हातही माझाच.

यिंदी